टॉवेलाचा मान

मु. पो. कवठे येमाई, ता. शिरूर
दि. १२ मार्च २००७

चि. बिरदेव यास आबाचा आशीर्वाद.

इकडं समदी खुशाल. तुझ्या आईचा गुडघा तसाच, तोंड मात्र जोरात. काळतोंड्या मेंढीला दोन कोकरं झाली, दोन्ही पाजतीया.

परवा हाटेलात माझ्यापुढं मासं ठिवलंस तवा तू बोलला न्हाईस, मी बी न्हाई. म्हणून लिवतोय. चवथी पास माणसाचं अक्षर गोड मानून घे.

माऊली जावयानं मला फसवून आणलं. 'मामा, पुण्यात जपानी हाटेल दावतो' म्हणाला. तू तिथं हायेस ते दारात सांगितलं. माघारी फिरणार हुतो, पर धोतर सावरेस्तोवर दारातल्या पोरीनं वाकून आत घेतलं. बसतोय तोच ताटलीत गरम टॉवेल आणून दिला. मी म्हणलो, आयला, काय माणसं हायेत! ओळख ना पाळख, आन् पाहुण्याला टॉवेल-टोपीचा मान! पागोट्यावर ठिवला, हात जोडलं आन् टोपी-नारळाची वाट बघत बसलो. माऊली कुजबुजला, 'मामा, हात पुसायचाय त्यो.' शेजारची पोरं फिदीफिदी हसली.

तू हसला न्हाईस. सुरी खाली ठिवून कमरेत वाकलास. तुझं बघून तुझा त्यो म्हातारा जपानी उस्तादबी वाकला. मग म्या टॉवेल काढलाच न्हाई.

मग तू सुरी कपाळाला लावलीस. कातरणीच्या दिवशी आपण कातर लावतो तशीच. ते उस्तादानं शिकवलं न्हाई, मीच शिकवलं की रं. आन् एका ओढीत मासा कापलास. कापातनं पल्याडची फळी दिसत हुती! चाळीस वर्सं मेंढरं कातरली, पर असा हात बघितला न्हाई. उस्ताद हात मागं बांधून नुसता बघत हुता. भाताचा घास दोन बोटांत दाबून, वर मासा ठिवून माझ्याम्होरं ठिवलास. कच्चं म्हणून डोळं मिटून तोंडात टाकलं. बिरोबाची आण, लोण्यावानी इरघळलं. आठ खाल्लं. त्या हिरव्या चहात साखर घाल म्हणावं तेवढं शेठला.

उगंच चहावर आलो. आता खरं लिवतो.

प्रगतीच्या लग्नात साऱ्या गावाला टॉवेल-टोपी दिली. तू भाऊ म्हणून कान पिळाय पुढं आलास, तवा 'मासं चिरणारा हात जावयाला लावू नको' म्हणलो आन् चुलत्याच्या पोराला उभं केलं. तू उपाशी गेलास. तीन वर्सं झाली. चुकलं माझं. भरल्या मांडवात चुकलं, म्हणून उघड्या कार्डावर लिवतोय. दोन कार्डं लागली. पोस्टमन वाचंल तर वाचू दे.

पंचवीस तारखेला, रविवारी, बिरोबाम्होरं प्रगतीच्या पोराचं जावळ हाय. मामाची मांडी पायजे, पहिली बट बी मामानंच कापायची. प्रगती हटून बसलीया, तू न्हाईस तर जावळ न्हाई. कातर घासून ठिवलीय. टॉवेल-टोपी ट्रंकंत हाय. लग्नातलीच, तुझ्या नावानं तवाच घेतली हुती.

माऊलीचा कानबी राहिलाय. जोरात पिळ.

तुझ्या हातचं जेवलेला,
आबा