नववा रकाना

दि. ४ फेब्रुवारी

चि. भाऊ यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं गुडघ्याचं रडगाणं पोचलं. चाळीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात उभी राहून माझे गुडघे शाबूत, आणि तू वजनमापं खात्याची खुर्ची उबवून लंगडतोस! वहिनीला सांग, गरम पाण्याने शेक दे आणि त्याच्या कुरकुरीकडे लक्ष देऊ नको.

आता मुद्द्याचं लिहिते. काल दुपारी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत भिंगरी नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होती, तेव्हा शिपायाने तिच्या हातात एक पाकीट दिलं. आत नोटीस. नागरिक पडताळणीत तिच्या नावावर आक्षेप आलाय. जन्मदाते याच देशाचे होते याचा पुरावा घेऊन एकोणीस तारखेला हजर राहायचं, नाहीतर यादीतून नाव कमी. नाव गेलं की नोकरीही गेली.

मी तीनदा वाचलं. सव्वीस वर्षांपूर्वी जिला कुणीतरी आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर ठेवून गेलं, जिला मी कोर्टाचा रीतसर हुकूम घेऊन लेक केलं, तिने जन्मदाते आणायचे कुठून? आई म्हणून मी धडधडीत समोर उभी आहे, ती कुणाला दिसत नाही का?

भिंगरी आधी हसली. तिला वाटलं, पाकीट चुकून दुसऱ्याचं आलं. मग साहेबांनी तिच्याकडून कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. निकाल लागेपर्यंत नमुन्यांना हात लावायचा नाही, असा वरून आदेश आहे म्हणे. काल सकाळपर्यंत अख्खं शहर या पोरीच्या सहीवर पाणी पीत होतं रे! घरी आल्यापासून ती फार नीट वागतेय. तिने न सांगता भांडी घासली, तेव्हा मी खरी घाबरले.

आक्षेप कुणाचा, ते नोटिशीत नाही. पण ती बाकावर सापडली हे ठाऊक असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तू तुमच्याकडच्या पडताळणी समितीत बसतोस, तुझ्या ओळखी आहेत. नाव तेवढं काढ. मग मी आहे आणि तो आहे.

उत्तराला उशीर नको, आणि म्हाताऱ्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धक्का बसला. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत निघून जाते. बायकांच्या मनात काय असतं, देव जाणे.

नाव काढता येणार नाही. आक्षेप घेणाऱ्याचं नाव सुनावणीपर्यंत गुप्त असतं आणि समितीत बसून मीच तो नियम मोडणं बरं नाही. मात्र ज्याने आक्षेप घेतला त्याच्या मनात आकस असेलच असं धरून चालू नकोस. एखादा माणूस निव्वळ कर्तव्य म्हणूनही अर्ज भरतो.

या विषयावर आपलं कधीच जमलं नाही, तरी लिहितो. बाजारातल्या वजनावर सरकारी ठसा नसेल, तर ते वजन खोटंच असतं असं नाही. पण तपासल्याशिवाय ते काट्यावर ठेवू देत नाहीत. त्यात वजनाचा अपमान नसतो. देशालाही आपली माणसं कोण, हे एकदा नीट पाहून घ्यावं लागतं. तू म्हणशील, माणूस म्हणजे वजन नव्हे. तू दरवेळी असंच काहीतरी म्हणतेस.

कोर्टाचा हुकूम सोबत न्या, अर्ध्या तासात मोकळ्या व्हाल. एकोणीसला मला येववत नाही, गुडघा फारच धरलाय. भिंगरीला म्हणावं, मामाने सायकल शिकवताना सांगितलं होतं तेच आताही: खाली बघायचं नाही.

आजवर जसं सांभाळून घेतलंस तसंच घे, एवढं मागणं.

तुझा,
भाऊ

दि. २० फेब्रुवारी

भाऊ,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. राग येत असेल तर येऊ दे.

काल साडेदहापासून आम्ही त्या कचेरीच्या जिन्यात उभ्या होतो. पुढे एक निवृत्त बसचालक, आयुष्यभराचे परवाने प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. मागे शाळेचे गणवेश शिवणारी बाई, बोटात अजून अंगुस्तान. जो तो आपलेच कागद पुन्हापुन्हा मोजत होता.

आमची पाळी आली. अधिकाऱ्याने फाईल उघडली आणि अर्ज टेबलावर ठेवला. भाऊ, मी सही पाहिलीच नाही. मला अक्षर दिसलं. इतकी वर्षं दर पंधरवड्याला जे अक्षर माझ्या दारात येतं, ज्याचं पाकीट मी दारातच उभ्याने फोडते, ते. मी अधिकाऱ्याला म्हटलं, काहीतरी गोंधळ आहे, हे तर माझ्या भावाचं पत्र आहे. त्याने नाव वाचून दाखवलं. भिंगरीने मला खुर्चीत बसवलं.

कोर्टाचा हुकूम त्याने बाजूला सारला. नवीन परिपत्रक आहे म्हणे: हुकुमामुळे मी तिची आई ठरते, ती या देशाची ठरत नाही. पुढची तारीख पाच मार्च. अर्जाची नक्कल भिंगरीला मिळाली. तिने दोन्ही बाजू वाचल्या, घडी केली, पर्समध्ये टाकली. मी मागितली तर देत नाही.

तू ठशाच्या गोष्टी सांगतोस. दूषित पाण्याची साथ आली होती तेव्हा ही पोर अकरा दिवस गल्लोगल्ली नळ तपासत फिरली. नळ कुणाच्या घरचा आहे, हे तिने एकदाही विचारलं नाही. मला नागरिक म्हणजे एवढंच कळतं. याहून मोठं काही असेल, तर ते तुझ्या समितीत असेल.

मी एवढंच विचारते, का? तुझ्या खांद्यावर बसून जिने पहिल्यांदा आगगाडी पाहिली, तिचं नाव लिहिताना तुझं पेन अडलं कसं नाही?

ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तुझा प्रश्न खिशात घेऊन दोन दिवस फिरतोय.

लपवत नाही. अर्ज मीच भरला. तुझ्या वहिनीने भरताना पाहिलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, हात झडेल तुमचा. समितीने आमच्या भागातल्या एकेचाळीस लोकांवर आक्षेप घेतले, त्या प्रत्येकावर माझी सही आहे. शेवटच्या बैठकीत विचारलं गेलं, कुणाच्या माहितीत, कुठल्याही गावातलं, आणखी कुणी आहे का, ज्याच्या जन्मदात्यांचा पत्ता नाही? मी एकटाच असा होतो ज्याला उत्तर माहीत होतं.

तुला आठवतं, नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बाबांच्या दुकानातली वजनं जप्त केली होती. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यानंतर बाजारात मला कुणी बोट दाखवू शकलं नाही. मला वाटलं, एकेचाळीस परक्यांची नावं लिहायची आणि घरातलं नाव दाबून ठेवायचं, मग मी कोण झालो? आणि खरं सांगतो, मला पक्की खात्री होती की हुकूम दाखवल्यावर ती तासाभरात सुटेल आणि मग जन्मात कुणी तिला हा प्रश्न विचारणार नाही. ते परिपत्रक मी वाचलं नव्हतं. परिपत्रक न वाचता सही केली, मी!

पाच तारखेला पहिल्या बसने येतो. अर्ज मागे घेतो. भिंगरीला सांग, मामा येतोय.

रागावलीस तरी दार लावून घेऊ नकोस.

तुझा,
भाऊ

दि. ६ मार्च

मामा,

मायना काय लिहावा सुचेना, म्हणून वरची ओळ अर्धीच ठेवलीय. आई झोपून आहे. तिला ताप नाही, काही नाही, फक्त उठत नाही. तुम्हाला लिहायचं काम माझ्यावर आलं.

काल तुम्ही आमच्या आधी येऊन बसला होतात, इस्त्रीचा शर्ट घालून. तुम्हाला पाहून मला, सगळं माहीत असूनही, एकदम हायसं वाटलं. सवय असते ना. तुम्ही अधिकाऱ्याला म्हणालात की अर्ज मागे घेतो, ही माझी भाची आहे. मग त्याने अर्ज उलटा केला आणि नववा रकाना वाचून दाखवला. आईने तो पहिल्यांदाच ऐकला. मी तिच्यापासून पंधरा दिवस लपवला होता. आक्षेप असलेल्या व्यक्तीशी नातं: काही नाही.

अधिकारी वाईट नव्हता. त्याने तुम्हाला दोनदा समजावलं. चौकशी सुरू झाल्यावर अर्ज मागे घेता येत नाही. पण नातेवाइकाने घेतलेला आक्षेप मुळातच रद्द होतो. तेव्हा ही भाची असेल, तर नवव्या रकान्यातलं चूक आहे एवढं लिहून द्या, ती आत्ता सुटेल. खोटं निवेदन केलं म्हणून तुमच्यावर खटला होईल, बहुतेक ताकीद देऊन सोडतील. त्याने कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपणही काढून दिलं.

तुम्ही पेन घेतलंत. मग म्हणालात, रकाना रक्ताच्या नात्याबद्दल विचारतो असं मी समजलो, आणि त्या अर्थाने लिहिलंय ते बरोबर आहे. चूक नसताना चूक लिहून देता येणार नाही. आणि पेन खाली ठेवलंत.

माझं नाव कमी झालं. नोकरीवरून काढल्याचं पत्र आज आलं. तीस दिवसांत अपील करायचं आहे, वकीलबाई भेटल्यात, मी लढणार आहे. त्याची काळजी करू नका.

आई म्हणते, तुम्ही खटल्याला घाबरलात. ती तेच धरून बसलीय, आणि मी तिला धरू देते. पण मी तुमच्या शेजारी उभी होते, मामा. तुमचा हात जरासुद्धा कापला नाही. तुम्ही घाबरला असतात तर मी कधीच माफ केलं असतं. भीतीपोटी माणूस खोटं लिहितो, पुढे पस्तावतो. तुम्ही मनापासून खरं लिहिलंत.

माझ्यावर लोभ असला, तर तो कागदावर लिहू नका. घरी येऊन आईला सांगा.

भिंगरी