काळभुईचा हजेरीवाला

शुक्र., २ ऑगस्ट
जेवायच्या सुट्टीत सायलीने फोन पुढे केला. "कौस्तुभच्या कंपनीचा नवा गेम. बघ ना, दोन मिनिटांचा व्हिडिओ आहे." कॅन्टीनच्या गोंगाटात काही ऐकू येईना. ऐकायची गरजही पडली नाही. काळी विहीर, खाली जाणारा लोखंडी पिंजरा, तळाशी खिडकी. खिडकीत सुळेवाला राक्षस. त्याच्या मागे खिळ्यांचा फळा, खिळ्यांवर पितळी बिल्ले. राक्षस एक बिल्ला उचलतो आणि आपल्याला दाखवतो. ११४७.
गेमचं नाव काळभुई.
"तूपण आहेस यात? बोलली नाहीस," सायली.
ताटातला भात तसाच ठेवून उठले. दुपारी टेस्टिंगचे तीन बग लिहिले, तिन्ही चुकीचे. टीम लीडने परत पाठवले, वर "तब्येत बरी आहे ना?" म्हणून विचारलं. बरी आहे म्हटलं.

शनि., ३ ऑगस्ट
कौ.ला फोन. चौथ्यांदा उचलला.
"अगं, उद्या सांगणारच होतो सगळ्यांना."
"माझ्या वहीतलं आहे ते सगळं."
"वही तुझी. खेळ पाच वर्षं माझ्या टेबलावर चाललाय." मग, "उद्या ये, समोरासमोर बोलू. चिडलेल्या माणसाशी फोनवर बोलण्यात अर्थ नसतो."
म्हणजे चिडणं हा माझा दोष. त्याचं काही नाही.

रवि., ४ ऑगस्ट
गेले. जायला नको होतं.
सदाशिव पेठ, तिसरा मजला, तेच जेवणाचं टेबल. कौ. टोकाला, पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे त्याचे फासे. समोर काय आहे ते त्याने सांगायचं, आम्ही आपापल्या पात्राच्या तोंडून काय करतो ते सांगायचं. पाच वर्षं दर रविवारी हेच. काही झालंच नाही अशा थाटात त्याने सुरू केलं, "तुम्ही चौथ्या थरात आहात. वरून पाणी ठिबकतंय."
मी म्हटलं, "माझं पात्र विचारतं, हे कोणी लिहिलंय?"
सायली हसली, मग थांबली.
कौ.ने फासे खाली ठेवले. "टेबलावर बोललेलं टेबलाचं असतं, प्रणिता. तुला नरक हवा होता, तो मी चालवला. राक्षसांना आवाज कोणी दिले? वहीने?"
"तो आकडा कोणाचा आहे ते तुला माहितेय. नावासकट सांगितलं होतं, याच घराच्या गच्चीवर."
"माहितेय. ऐकून वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण चांगलं होतं म्हणून वापरलं."
मान खाली न घालता बोलला. अगदी शांतपणे. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.
चपला घालत होते तेव्हा आत सायली म्हणाली, "मग आज थांबायचं का?" कौ. म्हणाला, "छे. पिंजरा उतरतोय तुमचा."

मंगळ., ६ ऑगस्ट
कामात लक्ष नाही. नेमकं माझं काय गेलं ते लिहून बघते.
देवराव काका, बाबांचा धाकटा भाऊ. चंद्रपूरकडची कोळशाची भूमिगत खाण. मी नऊ वर्षांची होते. दुसऱ्या पाळीत जुन्या बंद भागातलं पाणी फुटून आत आलं. तिघं वर आले नाहीत. काका त्यातले.
खाणीत उतरण्याआधी प्रत्येकाने खिडकीवर आपला बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. बिल्ला फळ्यावर त्याच्या नंबरच्या खिळ्याला. वर आल्यावर दिवा परत, बिल्ला परत. पाळी सुटली आणि खिळ्यावर बिल्ला राहिला, तर माणूस खाली आहे. काकांचा ११४७ किती दिवस तिथेच होता, ते घरात कोणी बोलत नाही.
त्याचा मी नरक केला. आग नाही, उकळतं तेल नाही. सात थर, अंधार, पाणी, आणि वर खिडकीत बसलेला हजेरीवाला. काळभुई हे नावही माझंच. पुण्यात नवी आले होते, कोणी ओळखीचं नव्हतं. ऑफिसातून खोलीवर यायचं आणि तीच वही लिहायची. पहिले सहा महिने माझं पुणं म्हणजे ती वही.
कौ.ला हे सगळं सांगितलं होतं.

शनि., १० ऑगस्ट
खेळासाठी कौ.कडे ठेवलेल्या वह्या परत आणायला गेले. कौ. घरी नाही. त्याच्या आई दारात.
"आपण फोन करून आलात का?"
नाही म्हटलं.
"मग कौस्तुभ नाही हे कसं कळणार होतं आपल्याला?"
वह्या हव्या आहेत म्हटलं. आत गेल्या, बराच वेळ लागला. तीन वह्या आणून जोडे काढायच्या फळीवर ठेवल्या. "मोजून घ्या. नंतर राहिली म्हणाल." वर, "नरकावर एवढं लिहायला वेळ मिळतो म्हणजे नोकरी बरी दिसते."
जिन्यात उत्तर सुचलं. वर जाऊन देण्याइतकं चांगलं नव्हतं.

रवि., ११ ऑगस्ट
पहिल्यांदाच रविवारी तिकडे गेले नाही. दिवसभर वह्या वाचल्या. माझं काय आणि त्याचं काय याची खूण करायला लाल पेन घेऊन बसले होते. कंपनीला लिहायला पुरावा लागेल.
दुसऱ्या वहीत अडकले. काळभुईतली सगळ्यात भयंकर शिक्षा कोणती, तर वर जाणाऱ्या पिंजऱ्याचा आवाज रोज ऐकू येतो, पण तो आपल्या थरावर कधीच थांबत नाही. मला वाटत होतं हे माझं. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'कौ. आज खेळताना म्हणाला. ठेवायचं.'
असं अकरा ठिकाणी.
लाल पेन ठेवून दिलं. त्याच्यावरचा राग कमी झाला नाही. उलट वाढला, का ते कळत नाही.

बुध., १४ ऑगस्ट
कौ.चा मेल, सोबत कंपनीचा कागद. 'काळभुईसंदर्भातील सर्व कल्पना मी स्वखुशीने देत आहे', खाली सही. बदल्यात शेवटी नावांच्या यादीत माझं नाव, 'आभार' या सदरात.
आभार.
उत्तर पाठवलं: नाव नको. आकडा काढा, खिडकी काढा, गेमचं नाव बदला.
तासाभरात त्याचं: "आकडा काढायला सांगतो. खिडकी काढता येणार नाही, पहिला सगळा भाग तिथेच घडतो. नाव बदलायला उशीर झालाय. कागद तेवढा लवकर कर."

शनि., १७ ऑगस्ट
बाबा आलेत, डोळे दाखवायला. सकाळी डॉक्टर झाले, चष्म्याचा नंबर वाढलाय. दुपारी मी भाजी आणायला खाली गेले. परत आले तर बाबा खिडकीपाशी पहिली वही घेऊन बसलेले. जुना चष्मा, वही हातभर लांब धरलेली.
"हे काय लिहून ठेवलं तू?"
खेळ आहे म्हटलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, बोलून खेळायचा. चार जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो.
"आन हा खिडकीतला कोण आहे?"
"राक्षस आहे, बाबा. नरकाच्या दारावरचा."
"त्या खिडकीत मी बसत होतो."
हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होते, पण खोटं होईल. लहानपणापासून माहीत होतं, बाबांची नोकरी खिडकीवरची. काकांनी त्या दिवशी बिल्ला बाबांच्याच हातात दिला असणार. मी लिहिलं तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि नव्हतंही.
याचा कौ.च्या कंपनीने गेम केलाय, त्यावरून भांडण आहे, फोनवर व्हिडिओ आहे, सगळं सांगितलं. दाखव म्हणाले. दाखवला. दोनदा बघितला.
"याले दात काहून दिले?"
"ते त्यांनी दिले. माझ्या वहीत दात नाहीत."
वहीत दात नाहीत, दुसरं आहे. बाबांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, 'हजेरीवाला उतरणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही. कोण परत येणार नाही ते त्याला माहीत असतं.'
वही मिटली. "मले माहीत नव्हतं," म्हणाले.
जुना चष्मा काढून खिशात ठेवला.

रवि., १८ ऑगस्ट
बाबा जेवले, पेपर वाचला. मी विचारलं तेवढ्याला हो-नाही. खडकवासल्याला जाऊ या म्हटलं, धरण भरलंय. "पाणी पाहाले नाही यायचं मले." कोणाला पाणी बघायला बोलावतेय, ते मला बोलून झाल्यावर सुचलं.
सगळं कौ.मुळे. त्याने हे टेबलाबाहेर नेलं नसतं तर वह्या त्याच्याच घरी पडून राहिल्या असत्या. बाबांना कधी कळलं नसतं.
म्हणजे कळलं हे वाईट. लिहिलं हे नाही?

सोम., १९ ऑगस्ट
बाबा दोन दिवस आधीच परत गेले. नवा चष्मा मी घेऊन पाठवते म्हटलं. स्टेशनवर गाडी लागेपर्यंत शेजारी बसून होते. मग समोर बघत म्हणाले, "एक सांग. नरकात पाप केलेले जातात ना?"
"हो."
"मंग देवराव काहून आहे तिथी? त्यानं काय केलं होतं?"
डब्यात चढले. मी पिशवी वर दिली. खिडकीतून हात केला नाही.

मंगळ., २० ऑगस्ट
तिन्ही वह्या पुन्हा चाळल्या.
सात थर, त्यांची नावं, पाळ्या, राक्षसांचे हुद्दे, कुठल्या वारी पाणी चढतं ते. सगळं आहे वहीत. तिथे अडकलेल्या माणसांनी केलं काय होतं, ते एकाही पानावर नाही. पाच वर्षांत टेबलावरही कोणी विचारलं नाही. कौ.ने तरी विचारायला हवं होतं, स्वतःला मोठा गोष्टवाला समजतो.
मीही नाही विचारलं.

गुरु., २२ ऑगस्ट
सायली लिफ्टमध्ये भेटली. "रविवारी ये ना गं. किती ताणायचं?" मी नसले तरी खेळ अडलेला नाही, तिच्याकडून कळलं. "तुझं पात्र कौस्तुभच चालवतोय. मस्त चाललंय. पाचव्या थरात उतरलीस तू."
तिला म्हटलं, तू रोज माझ्या शेजारी बसून जेवतेस, एकदा तरी विचारलंस का मला काय वाटतं? ती म्हणाली, "तू सांगत कुठे असतेस? वहीत लिहितेस." आमच्या ऑफिसच्या अकराव्या मजल्यावर दार उघडलं आणि बाहेर लीड उभा.
जेवायला एकटी बसले. तीही एकटी, दोन टेबलं सोडून.

रवि., २५ ऑगस्ट
बाबांचा फोन. मला वाटलं चष्म्यासाठी.
"बुधवारी येऊन राहिलो. त्या पोराले भेटाचं आहे."
कशाला म्हटलं.
"भेटाचं आहे."
मी म्हटलं, बाबा, तो गोड बोलतो. तुम्हाला वाईट वाटेल असं काही बोलेल आणि ते बोलतानाही शांत असेल. तुम्ही नका येऊ, मी बघते काय ते. कागदावर सही करणार नाही, वकिलाला विचारते.
"तू तुह्या वहीसाठी भांडून राहिली. भांड. माझं काम अलग आहे."
तिकीट काढून मग फोन केला होता.

मंगळ., २७ ऑगस्ट
कौ.ला कळवलं. वाटलं टाळेल. "जरूर घेऊन ये त्यांना. मला फार आवडेल भेटायला." वर, "येताना कागदपण आण."
त्याला आवडेल. त्याचा आनंद मला खपत नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही आवडलं असतं, हेही खपत नाही.

बुध., २८ ऑगस्ट
त्यांच्या ऑफिसात, रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून लिहितेय. अर्धा दिवस रजा टाकलीय.
बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. नवा चष्मा स्टेशनवरच दिला. कौ. बाहेर येऊन वाकून पाया पडला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. "मी प्रणिताचा बाप. खिडकीवरचा," म्हणाले. कौ.चा चेहरा उतरला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्याला मी काका सांगितले होते, खिडकीत कोण बसायचं ते नव्हतं सांगितलं.
मीही आत निघाले, तर बाबा म्हणाले, "तू इथीच बस. बलावल्याशिवाय येऊ नको." कागद माझ्या हातातून घेतला.
वीस मिनिटं झाली. खोलीला काच आहे. दिसतं, ऐकू येत नाही. सुरुवातीला बाबा एकटेच बोलत होते, टेबलावर बोट टेकवून, फार हळू. कौ. नुसता बसलेला. मग त्याने काहीतरी विचारलं. बाबा थांबले. मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. हात वर करून उंची दाखवली, मग दोन्ही हातांनी रुंदी, खिडकीचीच असणार. कौ.ने वही ओढली आणि लिहायला लागला.
लिहून घेतोय. माझ्या बापाकडून.
काचेवर हात आपटावासा वाटतोय. रिसेप्शनची मुलगी पाणी हवं का विचारून गेली, तिला नको म्हटलं ते जरा जोरातच.
बाबा अजून बोलताहेत. घरी एवढं कधी बोलले होते, आठवत नाही. माझ्याशी तर नाहीच.
आता बाबांनी हात पुढे केला. कौ.ने पेन दिलं. बाबांनी चष्मा नीट केला आणि एक कागद पुढ्यात घेतला. कौ.च्या वहीतला कोरा, की सहीसाठी आलेला माझा, इथून दिसत नाही.