दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

बाबा, आज नववीच्या वर्गात फळ्यावर १०२२११७ लिहिलं आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही फरशी बसवणारे मिस्त्री, शाळा चौथीतच सुटलेली, तरी या आकड्याची नाडी तुमच्याइतकी कुणालाच सापडली नव्हती.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. कापूस पडला की दारव्ह्यात नवी फरशी कोण घालतो? तुम्ही घरीच असायचात आणि मी ओट्यावर वह्याच्या वह्या भागाकार करत बसायची. शाळेच्या गणित प्रदर्शनात मला दहा लाखांवरची मूळसंख्या मांडायची होती, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. पुस्तकातल्या तक्त्यात हजारापर्यंतच्या एकशे अडुसष्ट मूळसंख्या होत्या. शेवटच्या ९९७ पर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं, दर वेळी बाकी उरली. झालं, मी चार्ट रंगवून टाकला. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं.

तुम्ही चार्ट बघता बघता विचारलंत, "नवशे सत्त्याण्णववरच काहून थांबली व?" तक्ता तिथेच संपतो, मी म्हटलं. "तक्ता सरला म्हून आकडा सरला काय?" मी फणकारले, तुम्हाला काय कळतं त्यातलं! तुम्ही रागावला नाहीत. माझ्या आकड्याएवढ्या फरशांची चौरस खोली केवढी होईल, ते मला काढायला लावलंत. १०११ गुणिले १०११ म्हणजे १०२२१२१. "म्हंजे चारच कमी पडून राह्यल्या. कोपऱ्यात दोन बाय दोनची मोरी सोडली समज." मग अंगणात फरशीच्या तुकड्यांची छोटी खोली मांडलीत, मोरीलगतची दोन फरशा रुंदीची अख्खी पट्टी उचलून दुसऱ्या बाजूला लावलीत. खोली लांबट झाली, पण कोपऱ्यातली खाच गेली. "इकून दोन गेल्या, तिकून दोन आल्या." मी १००९ ला १०१३ ने गुणलं. तंतोतंत! माझी मूळसंख्या गेली आणि मी भोकाड पसरलं.

"रडू नको व. नाही मूळ तं नाही. कशी फुटते थे दाखव ना लोकायले."

तेच तुकडे मी प्रदर्शनात मांडले आणि पहिला नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, ही युक्ती कोणाची? तुम्ही दारातच उभे होतात. मी म्हटलं, "माझीच." तुम्ही ऐकलंत, आणि बाहेर चहाच्या टपरीवर भेटेल त्याला सांगत सुटलात, "माया पोरीनं सोताच काहाडलं!"

वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र मी दर वर्षी त्याच खोलीवरून शिकवते. आजवर 'एका मिस्त्रीने दाखवलं' एवढंच म्हणायची. आज एका मुलीने विचारलं, कोणत्या? मी म्हटलं, "माझ्या बाबांनी." बाबा, आवाज असा चढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. मग पोरी म्हणाल्या, तेव्हा का नाही सांगितलं? घाबरले होते, असं सांगून वेळ मारून नेली. घाबरले नव्हते. त्या मोठ्या माणसांसमोर तुमच्या सिमेंटने फुटलेल्या हातांची मला लाज वाटली होती, आणि एवढं एक वर्गात सांगता आलं नाही.