निरोप घेतलेला माणूस

३ मार्च, सोमवार. दुपार.

परत आलो. विमानतळावरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, तिकडच्या परवानगीचा शिक्काच नाही की. मी म्हटलं, येईलच. ती म्हणाली, आला की तुम्हीही या. बोलली मात्र गोड. मला परदेशी सेवेला पाठवणाऱ्या मिशनच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, प्रोसेसमध्ये आहे, दोन-चार दिवस.

भर उन्हात ओव्हरकोट घालून जिना चढलो. बॅगेत मावत नव्हता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, ही देवाचीच कृपा. कारण कालच समोरच्या प्रार्थनाघरात मंडळींनी मला निरोप दिला. भाषणं झाली, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, दोन बायका रडल्या. गोदामातली नोकरी तर मी आधीच सोडलेली. अशा माणसानं दुसऱ्याच दिवशी हातात दुधाची पिशवी घेऊन दिसावं, हे बरं नाही.

ठरवलं. दोन-चार दिवस घरातच राहायचं. खोटं कुणी बोलायचं नाही. मी फक्त दिसायचं नाही.

बायकोनं ऐकून घेतलं, कोट खुंटीला टांगला आणि इस्त्रीच्या दुकानात कामाला निघून गेली. एक शब्द बोलली नाही. म्हणजे पटलं.

४ मार्च, मंगळवार

संकल्प. तिकडच्या लोकांना मी ‘संयम’ हा विषय शिकवणार आहे. तेव्हा ही वाट बघणं म्हणजे आयती तयारीच. रोज एक आशीर्वाद शोधून इथे लिहायचा. रोज पहाटे उठून तिकडच्या भाषेचा एक धडा करायचा.

आजचा आशीर्वाद : डोक्यावर छप्पर आहे.

उठलो तेव्हा ऊन खिडकीतून खाली उतरलं होतं. भाषा उद्यापासून.

६ मार्च, गुरुवार

खिडकीच्या पडद्याला उजवीकडे फट आहे. तिथून प्रार्थनाघराचं दार आणि आतल्या पहिल्या तीन रांगा दिसतात. खुर्च्या मांडायचं माझं काम आता मंडळीतल्या चष्मेवाल्याकडे दिलंय. रांग वाकडी. चष्मा असून ही तऱ्हा. घसा खाकरून खूण करणार होतो, वेळीच आवरलं.

दूधवाल्यानं बायकोला विचारलं, साहेब पोहोचले का? ती म्हणाली, अजून फोन नाही आला त्यांचा. शब्दन् शब्द खरा. तिची या बाबतीतली हुशारी माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

आशीर्वाद : फट.

९ मार्च, रविवार

खिडकी उघडी ठेवून प्रार्थनेत सामील झालो. पाळकसाहेब म्हणाले, आपला साधाभोळा भाऊ सातासमुद्रापार निघाला, हे धैर्य आपल्यालाही लाभो. मग एकेक जण उठून माझ्याबद्दल बोलला. मी कष्टाळू आहे, अबोल आहे, माझ्यासारखा माणूस मिळणार नाही. इतकी वर्षं मी पहिल्या रांगेच्या टोकाला बसत होतो, तेव्हा यातलं कुणी काही सुचवलं नव्हतं. डोळे भरून आले. त्यातच शिंक आली. पडद्याखाली बसकण मारली.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही गेल्यापासून तुमचं नाव फार वाढलंय.

१२ मार्च, बुधवार

फोन केला. आधी बराच वेळ वाद्यसंगीत. मग बाई : प्रोसेसमध्ये आहे. चांगली चाल आहे, दिवसभर तोंडात घोळत राहिली.

केस वाढले. न्हावी आपल्या मंडळीतला, त्याच्याकडे जाणार कसा? लेकीनं कात्रीनं कापले. मागून कसे दिसतात विचारलं. म्हणाली, मागून कोण बघणार आहे?

भाषेचा धडा काढला. अक्षरं फार बारीक.

१६ मार्च, रविवार

माझा फोन न आल्यामुळे मंडळी काळजीत आहेत. आज खास प्रार्थना झाली : आपल्या भावाला सुखरूप पोहोचव. सगळ्यांनी डोळे मिटले होते. मीही मिटले. कितीतरी लोक माझ्यासाठी काकुळतीला आलेत आणि मी इथे बनियनवर. आता तर बाहेर पडणं अशक्यच. इतक्या मनापासून केलेल्या प्रार्थनेचा अपमान होईल.

शिंपीदादाची खुर्ची रिकामी होती.

१८ मार्च, मंगळवार

शिंपीदादानं अंथरूण धरलंय. बायको बघून आली. आम्ही दोघं गावच्या शाळेत एका बाकावर होतो. ओव्हरकोट त्यानंच शिवला. आत चोरखिसा ठेवला, आणि पैसे काढले तर हात झटकून म्हणाला, तिकडे पोहोचलास की हात खिशात घालून माझी आठवण काढ. त्याची बायको मागेच गेली. मुलं नाहीत. खाली दुकान, वर खोली, प्रार्थनाघराला लागूनच. खाट आता वरच्या खिडकीशी लावलीय म्हणे. डॉक्टर मान हलवून गेला. जो कुणी येईल त्याला दादा विचारतो, तो पोहोचला का? कोट खांद्यात बसला का?

मी लगेच गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना केली. बायकोला समजावलं की प्रार्थनेला अंतराची आडकाठी नसते.

ती म्हणाली, अहो, अंतर आहेच कुठे? गल्ली आहे.

२१ मार्च, शुक्रवार

दादाला फोन करायचं ठरवलं. पण तो विचारणार, कुठून बोलतोयस? लेक म्हणाली, सांगा, समोरून. हिला थोरामोठ्यांशी कसं बोलावं ते कळत नाही.

तरी धीर करून निघालो. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेलो. बाहेर चष्मेवाला सायकल पुसत होता. सायकल पुसायला माणसाला इतका वेळ लागतो? परत फिरलो. तसाही गुडघा दुखत होता.

आशीर्वाद : गुडघा. त्यानं वेळेवर सावध केलं.

२६ मार्च, बुधवार

बाई म्हणाल्या, फाइल दुसऱ्या टेबलावर गेलीय. पहिल्या टेबलावरून हलली, एवढं तरी झालं.

भिंतीवरच्या भेगा पाठ झाल्या. पलंग ते मोरी, मोरी ते पलंग. पंखा कुरकुरतो, बंद केला तर मीच कुरकुरतो. आज ‘संयम’ विषयाचं टिपण लिहायला बसलो होतो. लेक फोनवर कुणाशीतरी खिदळत होती. चप्पल फेकली. लागली नाही. टिपण पूर्ण झालं.

नंतर लेक जवळ आली, चप्पल जोडीनं माझ्या पायाशी ठेवली. म्हणाली, बाबा, वापरा ना कधीतरी.

आजचा आशीर्वाद सुचला नाही. जागा सोडून ठेवतो.

३० मार्च, रविवार

आज माझ्यासाठी प्रार्थना झाली नाही. दादासाठी झाली. नंतर पाळकसाहेब म्हणाले, दुपारचं त्याच्याजवळ कुणी नसतं, पाणी द्यायलाही. दुपारी कोण मोकळं आहे?

कुणाचा हात वर झाला नाही. ज्याची त्याची नोकरी, ज्याची त्याची पोरंबाळं. दारातल्या गर्दीत बायको उभी होती. तिनं मान वर केली आणि थेट आमच्या खिडकीकडे बघितलं. रागानं नाही. भात झाला का ते झाकण उचलून बघावं, तसं.

मी फट बंद केली. दुपारी जेवण गेलं नाही.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळ.

गेलो.

कोट घातला. तो खांदे बघणार हे माहीत होतं. टळटळीत दुपार, गल्ली माणसांनी भरलेली. मी तयारी केली होती की लोक थबकतील, कुणी किंचाळेल. दूधवाला म्हणाला, काय साहेब, आज थंडी का? आणि पुढे गेला. चष्मेवाल्यानं हात वर केला, म्हणाला, बरं झालं आलात, ती मागची रांग काही सरळ होईना.

दादा उशीला टेकून होता. चेहरा पार उतरलेला, आवाज तोच. म्हणाला, आलास? एक गल्ली ओलांडायला महिना लावलास की रे.

मी म्हटलं, तुला कसं कळलं? त्यानं हनुवटीनं त्याच्या खिडकीकडे खूण केली. तिथून आमचा पडदा दिसतो. फट तर फारच छान दिसते. म्हणाला, रोज बघतो तुला, तेवढीच करमणूक. तू शिंकलास तो रविवार आठवतो? अख्ख्या मंडळीनं ओळखली शिंक. पाळकसाहेबांनी बजावलं, कुणी दार वाजवायचं नाही, येईल आपला आपण.

मग मंडळी इतकं डोळे मिटून सुखरूप पोहोचव म्हणत होती, ते?

दादा म्हणाला, मग! दुसरं कोण कुठे निघालं होतं?

मी उठलो. तो म्हणाला, वळ, पाठ दाखव. वळलो. खांदा उतरतोय म्हणाला. बाही उसवून पुन्हा बसवायला लागेल. सुई मागितली. दोरा काही केल्या ओवता येईना. मी ओवून दिला.

मग त्याचं मन रमावं म्हणून मी संयमावरचं टिपण वाचायला घेतलं. पहिलं पान झालं. दादा म्हणाला, छान आहे रे. पण आधी ते भांडं इकडे सरकव, मला थांबवत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी दादाला मान धरून पाणी पाजत होतो, तेवढ्यात फोन वाजला. कचेरीतल्या बाई. यावेळी वाद्यसंगीत नाही. म्हणाल्या, अभिनंदन, शिक्का आला. कधी निघताय?

दादानं डोळे मिटून घेतले होते. झोपला नव्हता. त्याच्या मांडीवर माझा कोट होता. एक बाही उसवलेली, दुसऱ्या बाहीवर खडूच्या खुणा. रोज चार टाके घालतो आणि दमतो. काल घातलेले आज त्याला पसंत नसतात, ते उसवतो.

तिकडची थंडी वाईट. कोटाशिवाय जाणं शहाणपणाचं नाही, कुणीही हेच म्हणेल. माझ्या जाण्याच्या निश्चयात तसूभर फरक नाही.

बाई म्हणाल्या, हॅलो, काय कळवू तिकडे?

मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. दोन-चार दिवस.