नलीच्या भाषणातली मी

३ मार्च, सोमवार

बारा दिवस झाले, नलीचा फोन नाही. राज्याची मुख्यमंत्री झाली म्हणून आईने काय चिठ्ठी पाठवून भेट मागायची? तिकडे प्रीमियर म्हणतात. म्हणोत. शेंबूड मी पुसलाय तिचा.

ऑस्ट्रेलियात गेली नर्स म्हणून. मग नर्सांची पुढारी, मग आमदार, मग आरोग्यखातं, आता हे. सुहास म्हणतो, "आई, ताई क्रायसिसमध्ये आहे." मी म्हटलं, क्रायसिसमध्ये जेवते ना? मग जेवता जेवता बोलावं.

पाऊस. इथे अमेरिकेत, सुहासच्या रेडमंडला, दुसरं काही पडतच नाही. उपमा केला. नातीने, इराने, दुधात ते कॉर्नफ्लेक्सचे पुठ्ठ्याचे तुकडे बुडवून खाल्ले.

४ मार्च

क्रायसिस काय ते सुहासकडून काढून घेतलं. चहाला बसवून. नाहीतर हा "काही नाही गं" म्हणत ऑफिसला पळतो.

नलीने कायदा आणलाय. म्हाताऱ्यांना ठेवतात त्या होममध्ये न सांगता तपासणी, आणि रात्रपाळीला नर्स ठेवायचीच. होमवाले मालक चिडले. त्यांनी तिच्याच पक्षाचे आमदार फोडले. पुढच्या मंगळवारी पक्षाची बैठक. नलीला ठेवायचं की काढायचं ते तिथे ठरणार.

"म्हणजे अविश्वास ठराव. सरळ सांग की." मी चौथी पास, पण अडीच वर्षं सरपंच होते. ह्या एका विषयात मला शिकवू नये कोणी.

विचारलं, आमदार सहलीला नेले का? सुहास हसला. "आई, तिथे तसं नसतं."

आमच्याकडे नवातले सात सदस्य जीपमध्ये कोंबून महाबळेश्वरला नेले होते. चार दिवस. बायकांनासुद्धा पत्ता नाही. आणले ते थेट मतदानाला. एकाच्या सदऱ्यावर स्ट्रॉबेरीचा डाग होता. माझ्याकडे बघेना, डागाकडेच बघत हात वर केला मेल्याने.

६ मार्च, गुरुवार

इरा शाळेतून आली ती टॅब नाचवत. "आजी, लुक! आत्या तुझ्याबद्दल बोलते!"

नलीचं विधानसभेतलं भाषण. गेल्या आठवड्यातलं. निळा कोट, केस बारीक कापलेत, बरी दिसते. वाळलीय. इंग्रजी मला कळेना. इरा तिच्या मराठीत सांगत होती. "आत्या म्हणते, माझी आई सरपंच होती. तिने घराच्या पेपरवर बायकांचं नाव लावलं. सगळे म्हणाले मागे घे. तिने नाही घेतलं. तिची खुर्ची गेली. मी तिची मुलगी आहे, मी पण मागे घेणार नाही. आजी, यू आर अ हीरो!"

लोक बाकं वाजवत होते.

भाजी करपली माझी.

७ मार्च

तिकडच्या एका पेपरवाल्याने सुहासला मेल केलाय. सरपंचबाईंशी बोलायचंय, बायकांच्या नावांच्या त्या ठरावाचा कागद असला तर हवाय. सुहासची छाती फुगलेली. सूनबाई म्हणते, साडी कुठली नेसणार? मी म्हटलं सोमवारी बघू. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय बरे आहेत.

८ मार्च, शनिवार

लिहूनच टाकते.

मी ठराव मागे घेतला होता.

नावं लावायचं काम सुरू झालं आणि गाव उठलं. बाप्ये म्हणायचे, घर आमच्या बापाचं, हिचं नाव कशाला? मग उपसरपंच घरी आला. म्हणाला, "वहिनी, एवढा ठराव तेवढा मागे घ्या, खुर्ची मी सांभाळतो." बेलभंडारा उचलून शपथ घेतली त्याने आमच्या देवासमोर. मी मानलं. मासिक सभेत ठराव मागे घेतला, प्रोसिडिंग बुकात सही केली. पुढच्याच आठवड्यात जीप भरली. पुढच्या सीटवर तोच.

खुर्ची गेली ती गेली, बायकांची नावंही गेली. सदस्यांतली एकटी चंपाबाई माझ्या बाजूने राहिली. ती मात्र विचारायची, "सरपंचबाई, नाव का हो पुसलंत?"

नली तेव्हा नर्सिंगच्या होस्टेलवर. तिच्या बापाने तिला सांगितलं, तुझी आई झुकली नाही. पोरीचं तोंड असं उजळलं म्हणे. मी सुट्टीत दुरुस्त करणार होते. मग पुढच्या सुट्टीत. मग तिने नोकरी धरली, लग्न केलं, विमानात बसली. लाज नाही वाटली असं नाही. पण गोष्ट बरी होती. तिच्यात मी उंच दिसत होते.

९ मार्च, रविवार

दुपारी नलीचा फोन. तिकडे सोमवार उजाडला होता.

"आई, ऐक. ग्रेग म्हणतो, बिल सहा महिने बाजूला ठेव, माणसं मी आणतो." ग्रेग म्हणजे हिचा उपमुख्यमंत्री.

"शपथ घेतली का त्याने?"

"इथे बेलभंडारा नसतो गं. शेकहँड असतो."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आईला विचारते." हसली. "तू नाही ना घेतलास मागे."

आता नाही तर कधी नाही. सांगितलं. सही, उपसरपंच, जीप, सगळं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर बोलणं झालं नसतं. शेवटी म्हटलं, "ठराव दिला तर खुर्ची राहते, हे खोटं आहे नले. दोन्ही नेतात."

 तिकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आई, मी हे सभागृहात बोललेय."

"मग? खोटं माझं आहे."

"इथे सभागृहात चुकीचं बोललं तर उठून दुरुस्त करावं लागतं. उद्या मतदान. ग्रेगच्या हातात आयतं कोलीत."

"तुला आधी सांगायला हवं होतं."

"हो," म्हणाली. "हवं होतं." रागावली नाही. रागावली असती तर बरं. कोणीतरी बोलवायला आलं, फोन बंद.

सूनबाईने केलेला शिरा तसाच राहिला.

१० मार्च, सोमवार

पाऊस थांबलाय. गुडघ्याला तेल लावलं. सुहासला आणि सूनबाईला सकाळी खरं सांगितलं. सूनबाईने चहा परत गरम करून दिला. सुहास म्हणाला, "एवढी वर्षं, आई?" मी म्हटलं, हो, एवढी.

बैठक तिकडे मंगळवारी सकाळी, म्हणजे आपल्याकडे आज चारला. पेपरवाला तीनला फोन करणार. नलीच्या ऑफिसातून कोणा माणसाचा सुहासला निरोप आलाय, आईंची तब्येत बरी नाही असं सांगा, उत्तर ऑफिस देईल. हे नलीने सांगितलं की त्या माणसाच्या मनचं, कळायला मार्ग नाही. नलीचा फोन लागत नाही. तीनदा लावला.

सुहास खोलीत येरझाऱ्या घालतोय. "तू बोललीस तर ताई पडेल." पडेलही. गप्प बसले तर टिकेल, आणि प्रोसिडिंग बुक काय जळलेलं नाही. आज ना उद्या कोणीतरी तालुक्याला जाऊन पान उलटणार. ती बैठकीत स्वतः काय बोलते, बिल धरून ठेवते का सोडून देते, ते तिचं ती बघेल. तेवढं मी तिला विचारणारही नाही.

पावणेतीन झाले. सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. तब्येत माझी ठणठणीत आहे. इराने इंग्रजी करायचं, मी बोलेन तसंच, गोड करायचं नाही. सुहासने मध्ये तोंड घालायचं नाही, आणि त्या ऑफिसवाल्याला आत्ता कळवायचं की त्याने गप्प राहायचं. सही माझी आहे. फोन वाजला की मी उचलणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.