तुझ्यावाचून केलेला साचा

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि पोरगी बरे असाल. मी ठीक आहे. सहा वर्षांनी दादाचं पत्र आलेलं बघून तू पाकीट दोनदा उलटसुलट करशील आणि बाजूला ठेवून देशील. ठेव, पण नंतर वाच. फोन करणार होतो. पण तुझा नुसता 'हं' ऐकला असता तरी माझी दातखीळ बसली असती.

इकडे काम चालू आहे. एका फोटोवाल्याला भिंगं ठेवायला चामड्याचे सहा डबे हवे होते, ते तू कोरून ठेवलेल्या गोल लाकडी साच्यावर केले. चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं, साच्यावर ताणून बसवलं, वरून चौकट आवळली, हाडाच्या पट्टीने कडा घोटल्या. एक चुणी पडली नाही. मग दिवसभर वाळू द्यायचं. तो दिवस मला खायला उठतो. पूर्वी निदान आपण दोघं भांडत तरी बसायचो. आता माझ्याशी बोलतो तो टपालवाला, तोही 'इथे सही करा' एवढंच.

खालच्या मजल्यावर एक शिंपी आलाय. त्याचं मशीन चालू असलं की बरं वाटतं. जिन्याचा कठडा घरमालकाने एकदाचा बदलला.

तू म्हणशील, दादा कठड्याचं लिहितोय आणि वहिनीचं एक अक्षर नाही.

तुझी वहिनी मार्चमध्ये गेली.

पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा फार पुढे गेलेलं. वेदना कमी व्हाव्यात म्हणून डॉक्टरांनी औषधाचा छोटा पंप लावला, साबणाच्या डबीएवढा. नर्सबाईंनी तो कापडी पिशवीत घालून तिच्या गळ्यात अडकवला. ती कुशीवर वळली की पिशवी लोंबायची आणि नळी ओढली जायची. एक दिवस म्हणाली, "जन्मभर लोकांच्या वस्तूंना घरं शिवलीत. माझ्या या डबीला एक खिसा करा की."

मी मापं घेतली आणि साचा कोरायला बसलो. लाकडावर माझा हात कसा चालतो ते तुला ठाऊक आहे. कोपरे धारदार राहिले, बाजू सरळसोट. पहिलं चामडं कोपऱ्यावर फाटलं. दुसरं वाळल्यावर साचा सोडेना, ठोकून काढलं तर तडकलं. तिसरं निघालं. पट्ट्याला लावून तिच्या कमरेला बांधलं, तर खालचा कोपरा टोचायला लागला. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि हसली. "भाऊजींनी कोरला असता तर टोचला नसता. त्यांना बोलवा."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या प्रदर्शनात सगळे तुझ्या साच्यांचं कौतुक करत होते, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "साचा काय, कुणीही सुतार करून देईल." तू त्याच आठवड्यात हत्यारं बांधून गेलास. आता साच्यासाठी तुलाच बोलवायचं म्हणजे तो शब्द गिळणं आलं. मला ते जमेना. तिने विचारलं तेव्हा मात्र मी "पत्र टाकलं" म्हणून मोकळा झालो.

तिने खाट दाराच्या समोर घ्यायला लावली. रोज विचारायची, "काही उत्तर?" मी मान हलवायचो. पुढे तिने विचारणं सोडलं. एका दुपारी आपणहून म्हणाली, "भाऊजींचा राग अजून गेला नाही वाटतं. असू दे. तुम्ही मनात धरू नका." मी उशाशीच बसलो होतो, धाकट्या. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी तो कोपरा पुन्हा मेणाने घासत बसलो.

दोन दिवसांनी ती गेली.

तेव्हाही तुला कळवलं नाही, कारण 'आधी का नाही कळवलं' हेच तू पहिलं विचारलं असतंस. आत्याने तुझं नाव काढलं तेव्हा "कळवलंय" म्हणालो. ती तुला दगडाच्या काळजाचा म्हणाली, आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आता सगळ्या नात्यात तू तसाच झाला आहेस.

काल आत्याकडे गेलो आणि जे खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? त्याला लिही." घरी आलो आणि कागद घेतला. बाकीच्यांनाही एकेकाला गाठून सांगणार आहे. तुझ्या नावाला लागलेला बोल मीच पुसायला हवा.

तुझ्या वहिनीला मात्र आता सांगता येत नाही. ती गेली ती तू रुसलास असं समजून. आणि तरीही जाताना तुझीच बाजू घेऊन गेली. हे तुला कळायला हवं.

'ये' म्हणायचं तेव्हा म्हणालो नाही, आज कोणत्या तोंडाने म्हणू? पोरीला आशीर्वाद. तिला तिच्या काकूबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याबद्दल खरं तेच सांग.

ज्याने तुला बोलावलं नाही तो,
तुझा दादा