डिजिटल बोर्डावरचं पाणी

११ फेब्रुवारी
उसाचा खोडवा तुटून गेला, रान मोकळं झालं. हिरामावशी मेंढरं घेऊन आली, दरसालप्रमाणे, पूर्वेकडच्या दुष्काळी माळावरून चालत. मेंढरं कुंडलच्या आमच्या रानात बसणार, खत पडणार. बदल्यात तिला धान्य आणि आमच्या पाटाचं पाणी. वडिलांच्या वेळचा करार. कागद नाही, म्हणून टिकला असावा.

मावशी यंदा खुशीत. त्यांच्या भागाच्या आमदारसाहेबांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शब्द दिलाय. पाडव्याच्या आत मावशीच्या वाडीच्या कालव्याला पाणी. कालवा साहेबांच्या मेव्हण्यानं बांधला. दोनदा उद्घाटन झालं, पाणी एकदाही नाही.

"हळद उचलायला काय लागतंय मावशी?"
"हळद तुमच्या आमटीत. देवाम्होरं ठिवली की भंडारा. खोटं बोलायला हात उचलत न्हाई तितं."

वाक्य वहीत उतरवून घेतलं. सदर लिहिणाऱ्याला असं आयतं क्वचित मिळतं.

१४ फेब्रुवारी
दुपारी प्रसिद्धीवाल्यांची जीप. दोन पोरगेले तरुण, एक कॅमेरा, एक पितळी घागर. घागरही त्यांचीच. मावशी पाटावर मेंढरं पाजत होती, तिच्या कमरेवर ती ठेवली.

"मावशी, पाण्याकडं बघून हसा."
"पान्याकडं बघून कोन हसतंय? पानी बघून तोंड धुत्यात."

त्यावर तीच हसली आणि त्यांना फोटो मिळाला. नाव-गाव विचारून घेतलं. कशासाठी? "योजनेचं काम आहे, सर." सुमननं त्यांना चहा दिला. माझी बायको सगळ्यांनाच चहा देते.

६ मार्च
लग्नाला पूर्वेकडं गेलो होतो. तालुक्याच्या फाट्यावर भला मोठा डिजिटल बोर्ड. 'माळावर पाणी आलं! साहेबांनी शब्द पाळला!' साहेबांचं डोकं मांडवाएवढं. कोपऱ्यात हिरामावशी, घागर, खाली नाव आणि वाडी. मागं खळाळता पाट.

माझा पाट. माझा वाकडा शेवगा. शेवग्यावर सुमननं वाळत टाकलेली हिरवी-तांबडी गोधडी.

बोर्डाच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. योजनेचा खरा लाभार्थी तेवढाच.

९ मार्च
मावशीला सांगितलं. आधी लाजली. "लय काळी दिसती का रं मी?" मग बोर्डावरची अक्षरं दोनदा सांगायला लावली.

म्हटलं, लिहितो. सांगलीच्या पेपरात दर रविवारी टोपणनावानं लिहितो, त्यात घालतो. (टोपणनाव अख्ख्या जिल्ह्याला माहीत. मी शिकवतो ते कॉलेज साहेबांच्या व्याह्यांचं, त्यांना तेवढं माहीत नसावं अशी माझी सोयीस्कर समजूत.)

"लिवायचं न्हाई," मावशी. "पाडव्यापातुर त्याचा शबुद देवाच्या हातात हाय. मधीच आपुन बोंब मारली तर मोडला कुनी? आपुन."

असल्या श्रद्धेपुढं माझी लेखणी म्हणजे... जाऊ दे.

१५ मार्च
मावशीच्या लेकाचा, बिरूचा, वाडीवरून फोन. टँकर बंद. कचेरीत गेला तर उत्तर: तुमच्याकडं पाणी आलंय, फाट्यावर फोटोसकट लावलंय. बिरू म्हणाला, बोर्ड खोटा हाय. कचेरीतला अधिकारी खुर्चीतून: "मग तुझी आई खोटी का?"

बाया आता लांबच्या विहिरीवर जातात. तिथं मावशीच्या सुनेला टोमणे. "सासूच्या घागरीतलं वाटीभर आमास्नी बी वाढ की गं!"

मावशीनं दिवसभर तोंडात पान घातलं नाही. तरी म्हणे, लिहू नका. मी भडकलो.
"तुझ्या भंडाऱ्यापायी वाडी तहानली, मावशी!"
"तुमच्या लिवन्यानं कवा कुठं पानी आलंय, दादा?"

खरं होतं. म्हणूनच झोंबलं.

गुढीपाडवा
गुढी उभारली. श्रीखंड. संध्याकाळी बिरूचा फोन: कालवा ठणठणीत. तळाला भेगा, पोरं क्रिकेट खेळतायत.

मावशीनं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला. "संपला त्याचा वायदा. लिवा आता."

एका बैठकीत लिहून काढलं. शेवगा, गोधडी, घागर, सगळं. बऱ्याच दिवसांनी विनोद करावा लागला नाही, नुसती हकिगत सांगितली तरी पुरे.

पाडव्यानंतरचा रविवार
माझं सदर नाही. त्या जागी अख्ख्या पानाची जाहिरात. मावशी हसतेय. म्हणजे माझ्या जागेवर माझाच पाट.

संपादकाचा फोन. जुना मित्र. "जागाच नव्हती रं गड्या."
"माझा शेवगा छापलास की."
"कुठला शेवगा?" मग दार लावून घेतल्याचा आवाज, आणि "तुझं कॉलेज कुणाचं हाय, इसरलास व्हय? तुझ्याच भल्यासाठी थांबवलं म्हण."

माझ्या भल्याची किती माणसं काळजी करतात.

२२ एप्रिल
साहेबांचा लाभार्थी मेळावा. मावशीला न्यायला परत जीप आली, स्टेजवर आभार मानायला. मला वाटलं, नाही म्हणेल. लगेच उठली. पदराच्या टोकाला काहीतरी गाठ मारली. मीही बसलो जीपमध्ये.

एसट्या भरभरून माणसं. मंडपात पाण्याच्या बाटल्यांचे ढीग, त्यांच्यावरही साहेब. मावशीच्या हातात माईक. मला वाटलं, आता फुटतोय बॉम्ब. तिनं नुसती पदराची गाठ सोडली. भंडारा.

"सायेब, बिरोबाच्या देवळात उचलला हुता तुमी. आज परत उचला. 'पानी आलं' म्हना आन् उचला."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. साहेबांचा हात पुढं आला, भंडाऱ्यावर अडखळला, मी पाहिलं. मग त्यांनी मूठ भरली आणि हवेत उधळली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" सगळा मंडप: "चांगभलं!" हलगी सुरू. कॅमेरे. पिवळ्या धुरळ्यात साहेब आणि मावशी. पुढचा बोर्ड तयार.

येताना मी खाली मान घालून कपड्यांवरचा भंडारा झटकत होतो. मावशी मात्र ताठ.
"बगितलंसा? उचलला न्हाई त्यानं. उधळला. भ्याला."
"पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, मावशी."
"वाजवू देत. त्याला तर कळलं न्हवं?"

तिला कुठून एवढं पुरतं, मला कळत नाही. आणि त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानंही चांगभलं म्हटलं होतं, हे तिला सांगितलं नाही.

२४ एप्रिल
प्राचार्यांनी बोलावलं. खुर्ची दिली, म्हणजे बरं नाही. "स्टेजपाशी दिसलात म्हणे. धनगरांवर संशोधन वगैरे?" हसले. मीही हसलो. माझं हसू फोटोत चांगलं आलं असतं.

टँकर अजून बंदच.

२६ एप्रिल
सकाळी मावशीनं मुक्काम हलवला. महिना-दीड महिना आधीच. घोड्यावर बिऱ्हाड, मेंढरं रस्त्याला लावलेली.

"कुठं?"
"फाट्यावर. त्या बोर्डाखाली. बोर्डात हाय न्हवं पानी? पाजू दे माझ्या मेंढरांस्नी. वाडीची मानसं बी येत्यात, बिरू आनतोय."
"पोलीस हाकलतील."
"हाकलू देत. मेंढरू पोलिसाचं ऐकत न्हाई."

मग सुमनकडं वळली. "वैनी, ती गोधडी द्या. शेवग्यावरची. बोर्डाखाली टांगते. डोळं असतील त्यो बगंल."

सुमन आत गेली, गोधडी आणली. वर भाकरीही बांधून दिली. एरवी तिच्या गोधड्यांना मलाही हात लावू देत नाही.

मावशी निघाली. बांधापाशी थांबली. शेवग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "त्यो काय चालत यायचा न्हाई. तुमी येतायसा न्हवं?"

म्हटलं, बघतो.

सवयीचा शब्द. साहेबांकडूनच उचललेला असावा.

मेंढरांचा धुरळा रस्त्यावर बराच वेळ दिसत होता. आता दुपार झाली. शेवग्यावर गोधडी नाही तर झाड उघडं-बोडकं वाटतंय. उद्या पहिला तास माझाच आहे. सुमननं दाराशी खुर्चीवर फडक्यात बांधलेली आणखी एक भाकरी ठेवलीय. कुणासाठी, विचारलं नाही.